झाडाची केरसुणी होते तेव्हा

माझ्या वांग्याच्या पहिल्याच प्लॉटमध्ये, वीस गुंठ्यांतल्या जवळजवळ तीन हजार झाडांत, तीनएकशे झाडं अशी निघाली की लांबून बघणाऱ्याने "काय जोम आहे!" म्हणावं. हिरवीगार, झुबकेदार, शेजारच्या झाडांपेक्षा भरदार. फळ मात्र एकाला नाही. नवीन फूट येतेय म्हणून मी खूश, आणि त्याच झाडांच्या बुडाशी मूठमूठ युरिया जास्तीचा. बांधापलीकडचे तात्या दोन दिवस गप्प बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. "आरं पोरा, चोराला जेवायला घालतोयस व्हय? बोकड्या हाय त्यो. उपट आधी."

उपटायला मन झालं नाही. कृषी सेवा केंद्रातून एकामागून एक तीन औषधं आणली, मारली. झाडं तशीच राहिली आणि महिन्याभरात तीनशेची सातशे झाली.

या लेखात जे आहे ते मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्यांदा शेती करणाऱ्यांसाठी, गावाकडची जमीन नव्याने कसायला घेतलेल्यांसाठी आणि गच्चीवर चार कुंड्या लावणाऱ्यांसाठीही.

नावाबद्दल थोडं

झाडाच्या एकाच ठिकाणाहून बारीक फांद्यांचा, चिमुकल्या पानांचा दाट झुपका निघाला की युरोपातले लोक त्याला चेटकिणीचा झाडू म्हणायचे. आपल्याकडे शास्त्रीय पुस्तकांत 'पर्णगुच्छ' आणि शेतात 'बोकड्या' हे शब्द आहेत. पण बोकड्या या नावाने घोटाळाही होतो. मिरचीची पानं चुरडामुरडा होऊन वळली तरी लोक बोकड्याच म्हणतात, आणि तो वेगळा रोग, वेगळा कीटक. म्हणून दुकानात नुसतं "बोकड्या आलाय, औषध द्या" म्हणू नका. पीक कुठलं, पान लहान झालंय की वळलंय, हे सांगा.

मला स्वतःला 'केरसुणी' हा शब्द जास्त पटतो, कारण दिसतं अगदी तसंच. फरक इतकाच की घरातल्या केरसुणीला आपण लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतो आणि ही शेतातली लक्ष्मी झाडून नेते.

आता मुख्य मुद्दा. केरसुणी हे लक्षण आहे, रोगाचं नाव नव्हे. ताप जसा मलेरियाचाही असतो आणि टायफॉइडचाही, तसं हे. झाडाच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा, म्हणजे फुटव्याची कळी, झोपलेला असतो आणि शेंडा त्याला झोपवून ठेवतो. हरभऱ्याचे शेंडे खुडले की बगलेतून फुटवे येतात, ते याचमुळे: शेंड्याचा धाक गेला. काही जंतू, काही कोळी (जाळी विणणारे नव्हे, पिकावरचे अतिसूक्ष्म माइट), काही बुरश्या झाडाच्या संप्रेरकांचा हा तोल बिघडवतात, मग सगळे डोळे एकदम जागे होतात. फूट येत राहते, पण ती पोसायला अन्न पुरत नाही, म्हणून पानं बारकी आणि फांद्या काडीसारख्या. परिणाम एकच दिसला तरी कारण प्रत्येक पिकात निराळं, त्यामुळे उपायही निराळा.

पायरी १: पंप खाली ठेवा, झाड हातात घ्या

सकाळी उन्हाच्या आधी जा. एक संशयित झाड आणि त्याच्या शेजारचं एक चांगलं झाड निवडा आणि दोन्ही एकाच वेळी बघा. एकट्या रोगट झाडाकडे बघून काही कळत नाही, तुलना लागते.

वांग्याचं निरोगी पान पंजाएवढं असतं, हाताला खरखरीत लागतं. रोगट झाडाच्या शेंड्याकडचं पान अंगठ्याच्या नखाएवढं असू शकतं. चिमटीत धरलं तर मऊ, गुळगुळीत. रंग फिकट, पिवळ्याकडे झुकणारा. देठ इतका आखूड की पान खोडालाच चिकटवल्यासारखं वाटतं. दोन पेरांमधलं अंतर मिटून गेलेलं. आता फूल शोधा. बहुतेक वेळा सापडतच नाही, आणि सापडलंच तर जांभळ्या पाकळ्यांच्या जागी हिरवट पानासारखं काहीतरी असतं. रोग लागण्याआधी धरलेलं एखादं फळ असलं तर तेही कडक होऊन राहतं, वाढत नाही.

हिरव्या फुलाची ही खूण फार मोलाची आहे. ती सगळ्यात ठळक दिसते तिळात. तिळाच्या शेंड्यावर पांढरट-जांभळट घंटेसारखी फुलं आणि खाली बोंडं असायला हवीत. तिथे हिरव्या पानांचे गेंद लटकलेले दिसले, की तो तिळाचा पर्णगुच्छ. नजर तयार करायला सदाफुलीइतकं सोपं झाड नाही. अंगणात, रस्त्याच्या कडेला, देवळाच्या आवारात ती असतेच, आणि तिला हा रोग झाला की गुलाबी फुलांच्या जागी हिरवी, पानासारखी फुलं येतात. एकदा तशी सदाफुली पाहिलीत की शेतात चूक होणार नाही. संशोधकही प्रयोगशाळेत हे जंतू सांभाळायला सदाफुलीच वापरतात.

पायरी २: रोगट झाडं शेतात कुठे आहेत ते बघा

पूर्ण शेतातून फिरा. पाच ठिकाणी थांबा आणि प्रत्येक ठिकाणी ओळीतली वीस झाडं मोजा. शंभरात किती, हा आकडा वहीत लिहा, तारखेसह. आठवड्याने परत मोजा. हा आकडा वाढतोय की थांबलाय, याच्यावर पुढचा निर्णय ठरतो, आणि आठवणीवर विसंबलात तर तो चुकतो.

मोजताना मांडणीकडे लक्ष द्या. इथे एक, तिथे दोन, बांधाकडे जरा जास्त, अशी विखुरलेली झाडं असतील तर उडणाऱ्या कीटकाचं काम समजा. सलग पट्टा एकाच दिवसात बिघडला असेल तर कीटकाला दोष देऊ नका, माणसाने काय केलं ते आठवा. आणि एका कोपऱ्यात, जिथे जमीन चुनखडीची किंवा पाणी साचणारी आहे, तिथेच सगळं पीक निस्तेज असेल तर प्रश्न मातीचा.

पायरी ३: सोंगं वेगळी काढा

नवख्या माणसाचे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते इथेच. पुढची चार सोंगं मी स्वतः पाहिली आहेत. त्यांतलं पहिलं माझ्याच हातून घडलं.

तणनाशकाचं सोंग. उसात किंवा ज्वारीत टू-फोर-डी हे तणनाशक मारलं आणि वारा कपाशीकडे होता, तर कपाशीचं पान भेंडीच्या पानासारखं चिरलेलं, निमुळतं होतं. वांगी, टोमॅटो, द्राक्ष यांनाही त्याची झळ लागते. माझ्या बाबतीत वाराही नव्हता. तोच पंप नुसता पाण्याने खंगाळून मी टोमॅटोवर कीटकनाशक मारलं होतं. पुढच्या आठवड्यात सगळा प्लॉट अरुंद, पिळलेल्या पानांचा. तणनाशकाला वेगळा पंप ठेवा, त्यावर लाल रंगाचा पट्टा मारा. ग्लायफोसेट थोड्या प्रमाणात गेलं तर कायम टिकणाऱ्या झाडांना, गुलाबालासुद्धा, पुढच्या फुटीत बारक्या पानांचे झुपके येतात. ते हुबेहूब केरसुणीसारखे दिसतात. ओळखायची खूण अशी की एकाच वेळी सगळीकडे आलं, आणि नवी फूट हळूहळू सुधारतेय.

जस्ताच्या कमतरतेचं सोंग. लिंबूवर्गीय झाडांत आणि आंब्यात पानं लहान, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. फुलं हिरवी होत नाहीत. झिंक सल्फेट चुन्याच्या निवळीबरोबर ०.५ टक्के फवारून बघा. नवी पानं सुधारली तर प्रश्न सुटला. पर्णगुच्छ असेल तर काही फरक पडणार नाही.

विषाणूजन्य चुरडामुरडा हे तिसरं सोंग. पान वळतं, जाड होतं, पण वांग्याच्या पर्णगुच्छासारखं नखाएवढं होत नाही आणि फूल फुलासारखंच राहतं.

चौथं बांडगूळ. आंब्यावर, चिकूवर वरच्या फांदीत हिरवा झुपका दिसला की "झाडाला रोग झालाय" म्हणून फोटो पाठवणारे पुष्कळ. नीट बघा. त्या झुपक्याची पानं आंब्याची नाहीतच. तो दुसराच जीव आहे, त्याला स्वतःची फुलं आणि चिकट फळं येतात. पक्षी ती फळं खातात, चिकट बी फांदीला पुसून टाकतात आणि ते तिथेच रुजतं. बांडगूळ असलेली फांदी थोडी खालून कापली की काम झालं, फवारणी लागत नाही.

पायरी ४: गुन्हेगार कोण

सोंगं वगळली आणि तरीही केरसुणी उरली, तर आपल्याकडच्या बहुतेक भाजीपाला-गळीत पिकांत गुन्हेगार असतो फायटोप्लाझ्मा. हा जिवाणूच, पण त्याला पेशीभित्तिका नसते. तो झाडाच्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत राहतो, दुसरीकडे नाही. १९६७ पर्यंत जगभरचे शास्त्रज्ञ या रोगांना विषाणूजन्य समजत होते. त्या वर्षी जपानमध्ये तुतीच्या खुजेपणावर काम करताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू सापडले. वांग्याचा रोग त्याच्या आधीच, १९३८ च्या सुमाराला, कोइमतूरला नोंदवला गेला होता. नाव होतं, खरा गुन्हेगार माहीत नव्हता.

हे सगळं सांगण्याचं कारण व्यवहारातलं आहे. बुरशीनाशक याच्यावर चालत नाही, कारण ही बुरशी नाही. तांबेयुक्त औषधं नळीच्या आतपर्यंत पोचत नाहीत. पेनिसिलिनसारखी प्रतिजैविकं भिंतीवर घाव घालतात आणि याला भिंतच नाही. टेट्रासायक्लिनने लक्षणं काही काळ दबतात, थांबवलं की परत येतात. भाजीवर माणसाचं प्रतिजैविक फवारायचं नाही, हे माझं ठाम मत. कुणी "खात्रीचा इलाज" म्हणून बाटली दाखवली तर दुकानाबाहेर या.

वाहक म्हणजे तुडतुडा. पाचरीच्या आकाराचा, तिरपा चालणारा, हात लावला की टुणकन उडणारा. मात्र वांग्यावर दिसणारा प्रत्येक तुडतुडा हा रोग आणत नाही. पानाखाली झुंडीने असलेला हिरवा तुडतुडा रस शोषून पानांच्या कडा करपवतो. पर्णगुच्छ पसरवणारा मुख्य कीटक म्हणजे हिशिमोनस फायसिटिस. त्याने पंख मिटले की पाठीवर तपकिरी डाग दिसतो. तिळात हे काम ओरोसियस जातीचा तुडतुडा करतो.

आता वेळेचा हिशोब समजून घ्या, सगळं गणित त्यावरच आहे. तुडतुड्याने रोगट झाडाचा रस घेतला की जंतू त्याच्या पोटात वाढून लाळेपर्यंत पोचायला काही आठवडे जातात. मग तो मरेपर्यंत जिथे तोंड लावेल तिथे रोग सोडतो. झाडात लक्षण दिसायला आणखी काही आठवडे. म्हणजे आज तुम्हाला दिसलेली केरसुणी ही महिनाभरापूर्वीच्या चाव्याची आहे. त्या झाडावर औषध मारणं म्हणजे बैल गेला अन् झोपा केला.

पायरी ५: उपटा, पण उपटण्याचीही रीत आहे

लागलेलं झाड बरं होत नाही. ते उभं ठेवलं तर तुडतुड्यांची खानावळ होते. म्हणून उपटायचंच. पण भर दुपारी जाऊन झाडं उपटून बांधावर फेकलीत, तर त्यावरचे तुडतुडे सुकणारं झाड सोडून शेजारच्या चांगल्या झाडांवर जाऊन बसतील. रोग पसरवण्याचं काम तुम्हीच केलंत.

आधी तुडतुड्यांचा बंदोबस्त करा. आदल्या दिवशी संध्याकाळी रोगट झाडांवर आणि त्यांच्या भोवतीच्या ओळींवर ५ टक्के निंबोळी अर्क किंवा लेबलवर वांगी आणि तुडतुडे दोन्ही लिहिलेलं कीटकनाशक फवारा. तोडणी जवळ असेल तर लेबलवर दिलेले काढणीपूर्वीचे दिवस मोजा. दुसऱ्या दिवशी पहाटे, गारव्यात तुडतुडे सुस्त असताना, खताची रिकामी गोणी घेऊन जा. गोणी झाडावर टोपीसारखी घाला, मग मुळासकट उपटा आणि तशीच तोंड बांधून टाका. सगळ्या गोण्या शेताबाहेर नेऊन खोल खड्ड्यात पुरा किंवा जाळा.

कुळवाची पाळी, खुरपं, हात यांतून हा रोग पसरत नाही, त्याची धास्ती नको. मेलेल्या, वाळलेल्या झाडात हा जंतू टिकत नाही आणि मातीतही राहत नाही. उपटलेल्या जागी दुसरं रोप लावायला हरकत नाही. कलम मात्र धोक्याचं. रोगट फांदीचा डोळा चांगल्या झाडाला भरला की जंतू त्यातून जातो. अमरवेलीतूनही जातो, म्हणून पिवळ्या दोऱ्यांसारखी ही वेल बांधावर दिसली तर काढा.

किती झाडं उपटायची? शंभरात पाच-दहा असतील तर सगळी. शंभरात तीस-चाळीस असतील आणि पीक अजून लहान असेल, तर जड मनाने सांगतो, प्लॉट मोडा. मी मोडला नाही. तोडा जेवढा निघाला तेवढ्यात मजुरीही भागली नाही, आणि त्याच प्लॉटवरून पुढच्या बांधावरच्या टोमॅटोवाल्याची डोकेदुखी सुरू झाली.

पायरी ६: पुढच्या वेळी रोपवाटिकेपासून

खरी लढाई पहिल्या चार-सहा आठवड्यांत असते. कोवळ्या रोपाला चावा बसला तर झाड पूर्ण वांझ जातं, उशिरा बसला तर निदान काही तोडे मिळतात.

गादीवाफ्यावर किंवा ट्रेवर बारीक छिद्रांची नायलॉन जाळी लावा आणि तिच्या कडा मातीत दाबा. कडा उघड्या राहिल्या तर जाळीचा उपयोग मच्छरदाणी वर खोचून झोपल्याइतकाच. विकतची रोपं घेताना रोपवाटिकेच्या आजूबाजूला काय उगवलंय ते बघा. धोतरा, गाजर गवत, सदाफुली, काटेरिंगणी ही झाडं या जंतूंची किंवा तुडतुड्यांची मुक्कामाची ठिकाणं असू शकतात. स्वतःच्या बांधावरची अशी झाडं लागवडीच्या पंधरवडाभर आधी काढा. पीक उभं झाल्यावर काढलीत तर तिथले कीटक सरळ पिकात येतात.

पिवळे चिकट सापळे लावा, पण तेवढ्याने तुडतुडे संपतील अशा समजुतीत राहू नका. ते मोजमापासाठी आहेत. आठवड्याला किती चिकटले ते लिहा, म्हणजे फवारणीची वेळ कळते. आणि जुनं वांगं शेजारी उभं असताना त्याला लागून नवं लावू नका. आमच्याकडे बारमाही वांगी घेणाऱ्यांच्या शेतात हा रोग कायमचा पाहुणा का असतो, त्याचं कारण हेच.

ऊस: बेण्यातून येणारी केरसुणी

वांग्यात कीटक मुख्य, उसात माणूस मुख्य. उसाच्या गवताळ वाढीचं कारणही फायटोप्लाझ्माच. कीटकांतूनही ती पसरते, पण शेतातून शेतात, तालुक्यातून तालुक्यात ती जाते आपण विश्वासाने आणलेल्या बेण्यातून, म्हणजे लावायच्या उसाच्या कांड्यांतून. भारतात तिची पहिली नोंद १९४९ ची, आपल्याच नगर जिल्ह्यातल्या बेलापूरची.

दिसायला असं: बेटातून उसाऐवजी गवताच्या काड्यांसारखे असंख्य बारीक फुटवे, पानं अरुंद, फिकट किंवा पार पांढरी. कांडी धरतच नाही, किंवा एखादाच बारका ऊस निघतो. लागणीत दोन-चार बेटं दिसतात, शेतकरी दुर्लक्ष करतो, आणि खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पिकात, तोच रोग अंगावर येतो.

इथेही सोंग आहे. चुनखडीच्या जमिनीत, विशेषतः खोडव्यात, ऊस केवडा पडतो. ती लोहाची कमतरता. दोन्हींत पान पिवळं-पांढरं, म्हणून लोक गोंधळतात. फुटव्याची जाडी बघा. केवडा पडलेल्या उसाचा फुटवा जाडीला ठीक असतो, शिरा हिरव्या राहतात आणि हिराकस म्हणजे फेरस सल्फेट फवारल्यावर पान हिरवं होतं. गवताळ वाढीत फुटवा काडीसारखा आणि हिराकसचा काही परिणाम नाही.

करायचं काय? लागणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सरीसरीतून फिरा आणि अशी बेटं कुदळीने मुळासकट काढा. नुसती वरून कापलीत तर परत फुटतात. दुसरं, बेणे मळा वेगळा ठेवा. कारखान्याला जाणाऱ्या उसातूनच टिपऱ्या काढायच्या ही सवय मोडा. नऊ-दहा महिन्यांचं, रसरशीत, एकही गवताळ बेट नसलेलं बेणं घ्या, आणि ते ज्या शेतातलं आहे ते उभं असताना स्वतः जाऊन बघा. कापून गाडीत भरलेल्या टिपरीवर काही लिहिलेलं नसतं.

बेण्यातला जंतू मारायचा एकच भरवशाचा मार्ग, उष्णता. बाष्पयुक्त गरम हवेत ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास बेणं ठेवतात. त्यासाठी खास यंत्र लागतं. काही साखर कारखान्यांकडे आणि संशोधन केंद्रांकडे ते असतं. घरच्या हंड्यात पाणी तापवून हा प्रयोग करू नका. दोन-तीन अंश इकडे झाले तर जंतू जगतो, तिकडे झाले तर डोळा मरतो. अशा प्रक्रियेच्या मूलभूत बेण्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, ही त्रिस्तरीय साखळी आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र यांच्याकडे बेण्याची चौकशी करता येते. ऊतिसंवर्धित रोपांपासून दहा गुंठ्यांचा स्वतःचा बेणे मळा केलात तर पुढची तीन-चार वर्षं निवांत. आणि गवताळ बेटं जास्त असतील तर त्या उसाचा खोडवा ठेवण्याचा मोह आवरा.

तूर: इथे तुडतुडा नाही

तुरीचा वांझ रोग लांबून तसाच दिसतो: झुडपासारखं झाड, लहान फिकट पानं, त्यावर पिवळे-हिरवे ठिपके, फूल नाही, शेंग नाही. काढणीच्या वेळी सगळी तूर वाळलेली आणि मधेच एखादं झाड हिरवंगार उभं, ते हे. पण हा विषाणूजन्य रोग आहे आणि तो पसरवतो डोळ्याला न दिसणारा कोळी, वाऱ्यावर वाहत जाणारा. तुडतुड्यांचं कीटकनाशक कोळ्यावर सहसा चालत नाही. इथेच लोक फसतात.

लागण पहिल्या पंचेचाळीस दिवसांत झाली तर झाड पूर्ण वांझ, नंतर झाली तर काही फांद्यांना शेंगा येतात. म्हणून लवकर ओळखून उपटा. बांधावर राहिलेलं मागच्या वर्षीचं तुरीचं झाड, स्वयंपाकाला शेंगा होतील म्हणून ठेवलेलं, हा कोळ्याचा उन्हाळी मुक्काम असतो. तेही काढा. आणि वाण निवडताना प्रतिकारक घ्या. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीएसएमआर ७३६ आणि बीएसएमआर ८५३ (वैशाली) यांच्या नावातली 'एसएमआर' ही अक्षरं याच रोगाच्या प्रतिकारासाठी आहेत. तुरीत एवढं केलं तरी निम्म्याहून जास्त काम होतं.

आंबा, चंदन आणि बाहेरून आणलेली रोपं

आंब्याच्या मोहोराचा गेंद होतो, कोबीच्या गड्ड्यासारखा घट्ट, आणि तो काळा पडून महिनोन् महिने झाडावर लटकतो. याला कारण फ्युजेरियम बुरशी. १८९१ साली बिहारमधल्या दरभंग्याला त्याची पहिली नोंद झाली आणि आजही तो उत्तर भारतात जास्त आहे. कोवळ्या कलमांच्या शेंड्यावरही असे झुपके येतात. असा मोहोर खालच्या पंधरा-वीस सेंटिमीटर चांगल्या फांदीसकट कापा, जाळा, आणि प्रत्येक कापानंतर सिकेटर (छाटणीची कात्री) स्पिरिटने पुसा. वांग्यात हत्यार पुसायची गरज नव्हती, इथे आहे. परप्रांतातून उत्तरेकडच्या जातींची कलमं आणणार असाल तर शेंडे नीट तपासून घ्या.

चंदन लावणारे नवे लोक गेल्या काही वर्षांत विदर्भ-मराठवाड्यात खूप झाले. त्यांनी स्पाइक रोगाचं नाव ऐकून ठेवावं. १८९९ मध्ये कोडगूत तो पहिल्यांदा नोंदवला गेला. हाही फायटोप्लाझ्मा. पानं इतकी बारीक आणि ताठ होतात की फांदी काट्यांनी भरल्यासारखी दिसते, आणि झाड दोन-तीन वर्षांत वाळतं. इलाज नाही. रोप कुठून आलंय, मातृवृक्ष कुठला, हे विचारल्याशिवाय ट्रकभर रोपं उतरवून घेऊ नका.

आखातात नोकरीला असलेल्या आणि येता-जाता कागदी लिंबाचं कलम बॅगेत घालून नेण्या-आणण्याची हौस असलेल्यांना एक विनंती. ओमानमध्ये १९७० च्या दशकात लिंबाचा पर्णगुच्छ आला आणि तिथल्या लिंबाच्या बागांची धूळधाण झाली. असलं कलम बॅगेतून हलवू नका. कोकणात नारळाखाली कोको लावणाऱ्यांनी इंटरनेटवर ब्राझीलच्या बाहिया प्रांतातली १९८९ नंतरची वाताहत वाचून घाबरू नये. ती केरसुणी वेगळ्या बुरशीची आहे आणि दक्षिण अमेरिका-कॅरिबियनपुरती आहे. मात्र तिकडून रोप किंवा शेंग आणायची नाही.

शंका असेल तर नमुना असा पाठवा

कृषी विज्ञान केंद्रात नुसतं एक वाळकं पान घेऊन गेलात तर कुणालाच काही सांगता येत नाही. रोगट झाडाची शेंड्याची वीतभर फांदी, त्यात फूल असेल तर फुलासकट, आणि शेजारच्या चांगल्या झाडाची तेवढीच फांदी, दोन्ही वेगवेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळा. पाणी शिंपडू नका, कुजतं. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. तुडतुडा किंवा उडणारं काही सोबत जाणार नाही याची काळजी घ्या, फांदी आधी बादलीवर झटका.

मोबाईलवर तीन फोटो काढा: पूर्ण झाड, झुपका जवळून, आणि शेताचा लांबून, ज्यात मांडणी दिसेल. जवळच्या फोटोत रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे पानाचा आकार कळतो. चिठ्ठीवर पीक, वाण, लागवडीची तारीख, रोपं किंवा बेणं कुठून आणलं, शंभरात किती झाडं लागली, आणि मागच्या महिन्यात काय काय फवारलं ते लिहा. तणनाशकही लिहा, शेजाऱ्याने मारलेलं असलं तरी. नक्की कुठला फायटोप्लाझ्मा आहे ते डीएनए तपासणीतूनच कळतं आणि ती सोय मोठ्या प्रयोगशाळांत असते. पण त्या अहवालाची वाट बघत रोगट झाडं उभी ठेवू नका. हिरवं फूल आणि नखाएवढं पान एकाच झाडावर दिसलं, तर उद्या पहाटे गोणी घेऊन जा.